लाल झाली म्हणून हळद फेकू नका

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला: ‘हळदीत साबणाचं पाणी घाला. लाल झाली तर भेसळ समजा.’ खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच करून पाहिलं. हळद लालभडक झाली आणि सांगलीहून आणलेली अर्धा किलो हळद कचऱ्यात गेली. ऐकून जीव हळहळला, कारण साबणाने लाल होणं हा हळदीचा स्वभावच आहे.

आपल्याला हे नवंही नाही. मुका मार लागला की आजी लोखंडी पळीत हळद-चुना गरम करायची. पिवळी पूड चुन्यात कालवली की बघता बघता रक्तासारखी लाल व्हायची आणि तो लेप घोट्यावर बसायचा. शाळेच्या पुस्तकात हीच हळद ‘नैसर्गिक दर्शक’ म्हणून भेटते: आम्लात पिवळी, आम्लारीत, म्हणजे चुना किंवा साबणासारख्या पदार्थांत, लाल. पुस्तक तिथे थांबतं आणि खरी मजा तिथूनच सुरू होते.

हळदीचा पिवळेपणा कुर्क्युमिनचा. शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण २ ते ५ ग्रॅम असतं. १८१५ मध्ये ते प्रथम वेगळं काढलं गेलं, पण रेणूची रचना कळायला १९१० साल उजाडलं. दोन टोकांना दोन षटकोनी कडी आणि त्यांना जोडणारी सात कार्बनची साखळी, असा हा रेणू. त्यात एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एकाच बंधाशी जखडलेले नसतात, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले असतात. पसारा जितका मोठा, तितकी त्यांना वरच्या पातळीवर उचलायला कमी ऊर्जा पुरते. कुर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतं. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो.

आता चुना घाला. कड्यांवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या आहेत. आम्लारी त्यातला हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात ओढून घेते, इलेक्ट्रॉन मागेच ठेवून. ऋणभारित झालेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन साखळीत ढकलतो आणि पसारा आणखी सैल होतो. आता कमी ऊर्जेचा, निळ्या-हिरव्याकडचा प्रकाशही शोषला जातो आणि उरतो तो तांबडा. वेळ न दवडता लिंबू पिळलं तर प्रोटॉन परत जागेवर बसतो आणि हळद पुन्हा पिवळी. चुन्याची निवळी लावलेल्या हाताला हळद चोळून ‘करणी बाहेर पडली’ म्हणणाऱ्या भोंदूचं सगळं भांडवल एवढंच. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते असल्या चमत्कारांमागचं रसायन गावोगाव उलगडून दाखवतात, ते प्रत्येक शाळेत व्हायला हवं.

पण मग कुंकवाचं काय? पारंपरिक कुंकू हळकुंडांना टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबाचा रस लावूनच करतात. लिंबाने हळद पिवळी व्हायला हवी, तरी कुंकू लालच राहतं. हे कोडं मला कित्येक दिवस सुचू देत नव्हतं. उत्तर टाकणखारातल्या बोरॉनमध्ये आहे. कुर्क्युमिनच्या साखळीच्या मध्यावर दोन ऑक्सिजन शेजारी-शेजारी असतात, चिमट्याच्या दोन टोकांसारखे. आम्लाच्या सान्निध्यात बोरॉनचा अणू या चिमट्यात अडकतो. बोरॉनला चार हात, म्हणून तो दोन कुर्क्युमिन एकमेकांना काटकोनात धरून ठेवू शकतो. तयार होणाऱ्या रेणूला रोझोसायनिन म्हणतात. तो धनभारित असतो, साखळीतले इलेक्ट्रॉन बोरॉनच्या बाजूला ओढले जातात आणि शोषण थेट ५५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशापर्यंत सरकतं. म्हणजे हळदीचे लाल दोन: चुन्याचा लिंबाने उतरणारा आणि बोरॉनचा लिंबाला न जुमानणारा.

हळदीच्या कॅप्सूल ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून खपवतात, त्याचा मात्र मला मनापासून राग येतो. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त कुर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा आला. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरं औषध कोणतं हे न सांगता केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कुर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. शिवाय ज्या पसरलेल्या इलेक्ट्रॉनांनी त्याला रंग दिला, त्यांच्यामुळेच ते स्वतः प्रकाशतं आणि प्रकाश मोजणाऱ्या प्रयोगांत औषध लागू पडल्याचा आभास होतो. हळद भाजीत घाला, आजारपणात डॉक्टरांकडे जा.

काकूंच्या नातवाला घेऊन काल प्रयोग केला. हळद स्पिरिटमध्ये भिजवून गाळून घेतली, टिपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून वाळवल्या. एकीवर चुन्याची निवळी टाकली. दुसरीवर कॅरमची बोरिक पावडर आणि थोडं आम्ल घालून पट्टी वाळू दिली. दोन्ही लाल. मग या दुसरीवरही निवळीचा थेंब टाकला आणि लाल डाग हिरवट-काळा पडला. पोरगं धावत आजीला बोलवायला गेलं.