स्पेस सिंटॅक्स

स्पेस सिंटॅक्स ही वास्तुकला आणि नगररचना या क्षेत्रांतील एक संशोधनपद्धती आहे. इमारतीतील दालने किंवा शहरातील रस्ते एकमेकांशी कोणत्या क्रमाने आणि किती टप्प्यांनी जोडलेले आहेत याचे मोजमाप करून, त्या जोडणीचा माणसांच्या वावराशी, भेटीगाठींशी आणि सामाजिक व्यवहाराशी असलेला संबंध या पद्धतीने तपासला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील बार्टलेट या वास्तुकला विद्यालयात बिल हिलियर (१९३७–२०१९), ज्युलियन हॅन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात तिची मांडणी केली. १९७६ मध्ये हिलियर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा याच नावाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि १९८४ मधील ‘द सोशल लॉजिक ऑफ स्पेस’ या हिलियर-हॅन्सन यांच्या ग्रंथाने पद्धतीला पक्के रूप दिले. मराठीत ‘अवकाश-विन्यास’ असा पर्याय सुचवता येतो; पण वास्तुविशारदांच्या कार्यालयांत मूळ इंग्रजी नावच चालते.

नावातील उपमा व्याकरणातली आहे. मराठीत शब्दांचे परस्परसंबंध बऱ्याच अंशी विभक्तीप्रत्ययांनी कळतात, त्यामुळे ‘रामाने रावणाला मारले’ या वाक्यातले शब्द मागेपुढे केले तरी मरणारा रावणच राहतो. इंग्रजीत मात्र क्रम बदलला की अर्थ उलटतो. इमारतींचे वागणे इंग्रजीसारखे असते, असे म्हणायला हरकत नाही. दालने तीच, तेवढीच आणि त्याच आकाराची ठेवून केवळ दारांच्या जागा बदलल्या तरी घरातील वावर बदलतो. जागेचा सामाजिक अर्थ तिच्या आकारापेक्षा तिच्या जोडणीत अधिक असतो, हे या पद्धतीचे मूळ प्रतिपादन आहे.

जोडणीचा विचार आकारापासून वेगळा काढण्याची गणिती कल्पना याहून खूप जुनी आहे. कोनिग्सबर्ग शहरातील सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फेरी पूर्ण करता येईल का, या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर गणितज्ञ लेओनहार्ड ऑयलर यांनी १७३६ मध्ये दिले, तेव्हा त्यांनी नदीची रुंदी, पुलांची लांबी आणि बेटाचा आकार हे सारे बाजूला सारून कोणता भूभाग कोणत्या भूभागाशी किती पुलांनी जोडला आहे एवढेच पाहिले. आलेख सिद्धांताचा, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांच्या गणिताचा, आरंभ तेथे मानला जातो. विसाव्या शतकात हा विचार वास्तुकलेत आणणाऱ्यांमध्ये ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचे नाव आधी घ्यावे लागते. गुजरातमधील एका खेड्याच्या रचनेसाठी त्यांनी १४१ गरजांची यादी करून त्यांचे परस्परसंबंध गणिताने उलगडण्याचा प्रयत्न केला, तो १९६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ‘शहर म्हणजे झाड नव्हे’ अशा आशयाच्या शीर्षकाचा निबंध लिहून त्यांनी चंदीगडसह अनेक आखीव शहरांवर टीका केली. झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत, जिवंत शहरातील संबंध मात्र एकमेकांत गुंतलेले असतात, हा त्यांचा मुद्दा होता. हिलियर यांचे वेगळेपण असे की त्यांनी गुंतागुंतीचे नुसते वर्णन केले नाही. ती मोजली आणि रस्त्यावर उभे राहून माणसे मोजून पडताळली.

पद्धतीतील मूळ माप ‘खोली’ हे आहे. एका जागेतून दुसऱ्या जागेत जाण्यासाठी किती उंबरे ओलांडावे लागतात, म्हणजेच किती टप्पे पडतात, ती तिची त्या जागेपासूनची खोली होय; अंतर किती फूट आहे याचा येथे संबंध नाही. मराठीत ‘खोली’ हाच शब्द घरातील दालनालाही आहे, आणि त्यात केवळ योगायोग आहे असे वाटत नाही. तरी घोटाळा टाळण्यासाठी या नोंदीत दालनाला दालनच म्हटले आहे. प्रत्येक दालनासाठी एक बिंदू आणि प्रत्येक दारासाठी एक रेघ काढून, रस्ता तळाशी ठेवून त्यावर एकेका टप्प्याची पायरी रचत गेले की इमारतीचा आलेख तयार होतो.

उदाहरण म्हणून एका चौकाच्या लहानशा वाड्याचा सोपा केलेला नकाशा घेऊ. रस्त्यावरून दिंडी दरवाजाने देवडीत, देवडीतून चौकात, चौकाच्या एका अंगाला सदर आणि दुसऱ्या अंगाला ओसरी, ओसरीतून माजघरात, माजघराला लागून एकीकडे देवघर व दुसरीकडे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातून परसात. रस्ता धरून हे नऊ बिंदू होतात. रस्त्यापासून देवडी एक टप्पा, चौक दोन, सदर व ओसरी तीन-तीन, माजघर चार, देवघर व स्वयंपाकघर पाच-पाच आणि परसू सहा टप्प्यांवर आहे; बेरीज २९ होते. हीच बेरीज चौकातून १७, माजघरातून १७, स्वयंपाकघरातून २२, सदर आणि देवघर यांतून प्रत्येकी २४ आणि परसातून पुन्हा २९ येते. सर्वांत कमी बेरीज ओसरीची, १६ आहे. उरलेल्या आठ बिंदूंनी भागले की ओसरीची सरासरी खोली बरोबर २ येते, रस्त्याची ३.६२५. कमी-अधिक दालने असलेल्या घरांची तुलना करता यावी म्हणून ही सरासरी ० ते १ या मापावर बसवतात. तेथे ओसरीला ०.२९ आणि रस्त्याला ०.७५ मिळतात. ज्या जागेचा आकडा लहान ती जागा साऱ्या घराशी अधिक मिसळलेली, ज्या जागेचा मोठा ती बाजूला पडलेली.

भौमितिक मध्य चौकात असताना जोडणीचा मध्य मात्र ओसरीत निघतो, हे केवळ नकाशा पाहून सहसा लक्षात येत नाही. बाहेरच्याला आत यायचे आणि घरच्याला बाहेर जायचे तर दोघांची वाट ओसरीवरून जाते. ‘भटाला दिली ओसरी, भट हात पाय पसरी’ या म्हणीतली तक्रार या आकड्याच्या उजेडात वाचण्यासारखी आहे. सदर दिली असती तर पाहुणा एका अंगाला राहिला असता, ओसरी दिल्यावर तो सगळ्यांच्याच वाटेत येतो. सदरेची बेरीज देवघराइतकीच, म्हणजे २४, भरते हेही ध्यानात घ्यावे. दोन्ही जागा वाट संपते तेथे आहेत, एक रस्त्याच्या अंगाला आणि दुसरी घराच्या पोटात.

आता याच वाड्याच्या परसाला मागच्या बाजूने रस्त्यावर उघडणारे दार पाडले, तर आठ रेघांच्या जागी नऊ होतात आणि फांदीचे कडे, म्हणजे बंद वलय, बनते. रस्त्यापासूनची बेरीज २९ वरून १९ वर उतरते, मापावरील आकडा ०.३९ होतो. रस्त्यावरून स्वयंपाकघर पाच टप्प्यांवर होते ते दोनवर येते. पाणी आणि सरपण आणणाऱ्याला चौक ओलांडावा लागत नाही. ओसरीचे १६ कायम राहतात, पण चौक आणि माजघरही आता १६ वरच येतात, म्हणजे ओसरीचे एकटीचे वर्चस्व संपते. घराचा एकही कोपरा हललेला नाही, भिंत वाढलेली नाही. वाटेला पर्याय देणारी अशी कडी आणि वाट एकाच दाराशी अडवणाऱ्या फांद्या यांचे घरातील प्रमाण हे हॅन्सन यांच्या घरांवरील संशोधनातील महत्त्वाचे सूत्र आहे.

शहराच्या बाबतीत दालन कशाला म्हणायचे हा पहिला प्रश्न येतो. त्यासाठी मोकळ्या जागांतून आरपार जाणाऱ्या, शक्य तितक्या लांब आणि संख्येने शक्य तितक्या कमी सरळ रेषा काढून साऱ्या जागा त्यांनी व्यापल्या जातात. हा अक्षीय नकाशा होय. रेषा म्हणजे बिंदू आणि दोन रेषांचा छेद म्हणजे दार, असे धरून पुढचे गणित वाड्यासारखेच चालते, फक्त टप्पा म्हणजे येथे एक वळण. कोणती रेषा बाकी साऱ्या रेषांना कमीत कमी वळणांनी जवळ आहे हे एक माप. कोणती रेषा इतर दोन ठिकाणांमधल्या वाटेत वारंवार येते हे दुसरे. पुण्याच्या पेठांत लक्ष्मी रस्ता आणि बाजीराव रस्ता यांना कितीतरी गल्ल्या थेट येऊन मिळतात, तर वाड्यांमागच्या एखाद्या बोळात शिरायला त्यांवरूनही दोन-तीन वळणे घ्यावी लागतात. सायंकाळी या रस्त्यांवर आणि त्या बोळात पाच-पाच मिनिटे उभे राहून जाणारी-येणारी माणसे मोजली, तर फरकाची दिशा कोणालाही कळेल. संशोधक नेमके तेच करतात, फक्त शेकडो ठिकाणी आणि दिवसाच्या ठरावीक वेळांना.

अशा मोजणीतून १९९३ मध्ये ‘नैसर्गिक हालचाली’चा सिद्धांत पुढे आला. शहरातील पायी वर्दळीचा मोठा भाग दुकाने किंवा कचेऱ्या यांनी ओढलेला नसून रस्त्यांच्या जोडणीनेच ठरतो. दुकाने त्या वर्दळीच्या आधाराने येतात आणि आल्यावर ती आणखी वाढवतात, असे तो सांगतो. व्यापाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही, मोक्याच्या जागेला पागडी का पडते हे तो जाणतोच. नवे ते एवढेच की मोका आधी मोजता येतो. मात्र प्रत्येक गर्दीला हे सूत्र लावणे धाडसाचे आहे. तुळशीबागेत राममंदिर आधीचे आणि बाजार त्याच्या आश्रयाने वाढलेला, तेव्हा तेथील गर्दीत जोडणीचा वाटा किती आणि श्रद्धेचा व सवयीचा किती हे नुसत्या नकाशावरून सुटे करता येत नाही.

पद्धतीचा सर्वांत गाजलेला उपयोग लंडनच्या ट्रॅफल्गार स्क्वेअरमध्ये झाला. चारही बाजूंनी वाहनांनी वेढलेल्या या चौकाचा मधला भाग लंडनकर टाळतात आणि कडेकडेने जातात, हे निरीक्षणातून दिसल्यावर वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने केलेल्या आराखड्यात नॅशनल गॅलरीसमोरचा उत्तरेकडील रस्ता वाहनांना बंद करून तेथून चौकाच्या मध्यावर उतरणारा रुंद जिना बांधण्यात आला. २००३ मध्ये हे काम पूर्ण झाले. जिना शोभेसाठी नाही. आरपार जाणाऱ्या वाटेची सरळ रेषा चौकाच्या पोटातून नेण्याचे काम तो करतो.

गुन्हे आणि सुरक्षितता या विषयावर हिलियर यांचा वाद वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांच्याशी झाला. वस्तीचे लहान लहान बंदिस्त गट केले, परक्याची ये-जा रोखली की रहिवासी आपल्या जागेची राखण करतात, असे न्यूमन यांचे १९७२ मधील प्रतिपादन होते. हिलियर यांनी पुढच्याच वर्षी त्याला विरोध केला. लंडनमधील युद्धोत्तर सरकारी गृहसंकुलांच्या नंतरच्या अभ्यासांत, पुष्कळ वळणे घेऊन आत शिरणाऱ्या वाटांवर परकेच काय, रहिवासीही विरळ असतात आणि भर दिवसाही तेथे माणूस एकटा पडतो, असे त्यांना आढळले. या वादाचा निकाल लागलेला नाही. आपल्याकडे फाटकबंद संकुले ज्या वेगाने उभी राहत आहेत तो पाहता बांधकाम व्यवसायाने न्यूमन यांची बाजू केव्हाच घेतली आहे, असे म्हणावे लागते.

सुरुवातीला रेषा हाताने काढल्या जात. पुढे अ‍ॅलास्डेअर टर्नर यांनी ‘डेप्थमॅप’ ही संगणकप्रणाली तयार केली आणि तिची मुक्त स्रोत आवृत्ती आज विद्यार्थ्यांना सहज मिळते. तिच्यात नकाशा तांबड्यापासून निळ्यापर्यंतच्या रंगांत उमटतो, तांबडे ते मिसळलेले आणि निळे ते बाजूला पडलेले. एका ठिकाणाहून दिसणाऱ्या सर्व क्षेत्राचा विचार मायकेल बेनेडिक्ट यांनी १९७९ मध्ये मांडला होता. टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याला जाळ्याचे रूप देऊन संग्रहालये, रुग्णालये अशा मोकळ्या आराखड्यांचे विश्लेषण सुकर केले.

टीकाकारांपैकी कार्लो रात्ती यांचा २००४ मधील निबंध अधिक बोचरा होता. इमारतींच्या जागेत अगदी किरकोळ फरक केला तरी अक्षीय रेषा तुटते किंवा सांधते आणि सगळे आकडे उलटेपालटे होतात, हे त्यांनी दाखवले. इमारतींची उंची आणि जमिनीचा वापर गणितात येत नाहीत, नकाशाची कड कोठे कापली यावर निकाल हलतो, हेही आक्षेप होते. हिलियर आणि अ‍ॅलन पेन यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. पण पद्धतीतील खरी दुरुस्ती नंतर दिसते. रेषांचे छेदांपाशी तुकडे करून ‘वळण आहे की नाही’ याऐवजी ‘किती अंशांचे वळण’ असा हिशेब सुरू झाला. हिलियर आणि शिनिची इदा यांनी २००५ मध्ये लंडनच्या चार भागांतील वर्दळ तपासली, तेव्हा सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा सर्वांत कमी कोनात वळणारी वाट माणसांच्या चालण्याशी अधिक जुळली.

एक मर्यादा मात्र गणिताच्या दुरुस्तीने जात नाही. आलेखातील रेघ सर्वांसाठी सारखीच असते, दार तसे नसते. वाड्याच्या आलेखात ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये एकच रेघ आहे. परका पुरुष त्या उंबऱ्याशी थांबत असे, स्वयंपाकघराच्या दाराशी सोवळे आड येत असे आणि कित्येकांना देवडीच्या आत पाऊल टाकण्याचीच मुभा नव्हती. त्या प्रत्येकासाठी वाड्याचा आलेख वेगळा काढावा लागेल. हिलियर आणि हॅन्सन यांनी रहिवासी आणि आगंतुक असा भेद केला आहे. नेहमीच्या इमारतीत आगंतुक उथळ भागात राहतो आणि रहिवासी खोलवर, तर रुग्णालय व तुरुंग यांसारख्या इमारतींत बाहेरून आलेला माणूस खोलवर ठेवला जातो आणि वावराची मोकळी जागा चालवणाऱ्यांकडे राहते, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. वाड्याला मात्र दोन वर्ग पुरत नाहीत. तेथे माणसांचे जेवढे प्रकार, तेवढे आलेख काढणे भाग पडते.