सर्वशक्तिमान पात्रांची क्रमवारी

कथेत सर्वशक्तिमान ठरवलेल्या दोन पात्रांपैकी वरचढ कोण, हा पॉवर-स्केलिंगमधला, म्हणजे कथांमधल्या पात्रांची ताकद तोलण्याच्या चाहत्यांच्या खेळातला, सर्वांत बिकट वाद. नागपुरात कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तो ‘बियाँडर भारी की झेनो?’ (पहिला मार्व्हल कॉमिक्समधला, दुसरा ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या जपानी मालिकेतला) असा सुरू होतो आणि बहुतेकदा पुराव्याऐवजी आवाजावर सुटतो.

मूळ अडचण अशी की सर्वशक्तिमान हे विशेषण त्या त्या कथाविश्वापुरते असते. नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर गावोगावची अंतरे कोरता आली, कारण मोजणीचा दगड एकच. दोन कथाविश्वांना सामाईक असा दगड नसतो. म्हणून आधी तीन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: पात्र नेमके कोणत्या अंकातले किंवा मालिकेतले, पुरावा कोणता चालेल, आणि हरणे म्हणजे मरणे, बेशुद्ध पडणे की अस्तित्वच पुसले जाणे.

पुराव्यात प्रत्यक्ष दाखवलेली कृती, म्हणजे फीट, सर्वांत वजनदार. त्यानंतर निवेदकाचे विधान. पात्राने स्वतःविषयी मारलेली बढाई सर्वांत हलकी.

बियाँडरचे उदाहरण बोलके आहे. मार्व्हलच्या १९८४ सालच्या ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये त्याला इच्छामात्रे काहीही करू शकणारा म्हणून आणले, पण त्याच मालिकेत खलनायक डॉक्टर डूम त्याची शक्ती हिसकावून घेतो. १९८८ मध्ये तर तो अपुऱ्या कॉस्मिक क्यूबचा (मार्व्हलमधल्या, मनातली इच्छा प्रत्यक्षात आणणाऱ्या वस्तूचा) अंश असल्याचे सांगितले गेले. म्हणजे साल न सांगता ‘बियाँडर’ म्हणणे निरर्थक. ‘ड्रॅगन बॉल सुपर’मधल्या झेनोने पूर्वीच्या १८ विश्वांपैकी ६ पुसली, उरली १२, ही मोठी फीट. तरीही योद्ध्यांच्या वेगवान हालचाली त्याच्या नजरेला पकडता येत नाहीत. पुसण्याची ताकद अफाट असली म्हणून नजर, वेग, ज्ञानही अमर्याद धरणे ही हमखास होणारी चूक आहे.

दुसरी चूक गणिताची. ‘पाच मितींचा प्राणी चार मितींच्या प्राण्याहून अनंतपट मोठा’ असे सर्रास ठोकून दिले जाते. गणितज्ञ कँटरने १८७७ मध्येच दाखवले की रेषेवर जितके बिंदू, तितकेच प्रतलावर. प्रतलापुढे रेषेचे क्षेत्रफळ शून्य भरते हे खरे, पण तो मापाचा फरक झाला, बिंदूंच्या संख्येचा नव्हे. आणि त्यातून कोणाचा ठोसा जड हे तर मुळीच निघत नाही. १८९१ च्या त्याच्या सिद्धतेनुसार कोणत्याही अनंताहून मोठे अनंत असतेच. त्यामुळे ‘आमचा तुमच्याहून एक पायरी वर’ ही चढाओढ कधी संपत नाही.

लोक ज्यांची पूजा करतात ते देव यादीबाहेरच ठेवावेत. तिथे वाद कथेचा न राहता श्रद्धेचा होतो. दोन्ही बाजूंना फक्त विधानेच असतील, कृती नसेल, तर ‘निर्णय नाही’ अशी नोंद करावी. ती बरोबरीहून वेगळी: बरोबरीलाही पुरावा लागतो.