खिडकीचे तावदान बदलणे

खिडकीच्या झडपेतील काचेला तावदान म्हणतात. ते तडकले किंवा फुटले की उरलेले तुकडे काढायचे, खाच साफ करायची आणि मापाची नवी काच बसवायची, हे घरगुती दुरुस्तीतले जुने काम आहे. पूर्वी ते सुताराकडे असे. आता शहरांत ते बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे गेले आहे. खिडकी साधी लाकडी असेल आणि तळमजल्यावर किंवा गॅलरीत उघडत असेल, तर घरातल्या माणसालाही ते जमते. हत्यारे फार लागत नाहीत. काच चौकटीला कुठेही थेट भिडता कामा नये, तिच्या चारी कडांना थोडी मोकळीक हवी, हे या कामाचे मुख्य तत्त्व. त्या मोकळ्या जागेत काय भरायचे यावरून लाकडी, लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे काम वेगवेगळे होते.

काच का फुटते : चेंडूने फुटलेल्या काचेचे कारण शोधावे लागत नाही, खाली मुले पांगलेली दिसतात. आकडा न लावलेली झडप वळवाच्या वाऱ्यात आपटली, तर तेही कळते. कोणी हात न लावता एखाद्या सकाळी तडा दिसतो, तेव्हा मात्र दोष बहुधा आधीच्या बसवणीत असतो. लाकूड पावसाळ्यात ओलावा शोषून आडव्या अंगाने फुगते, त्यामुळे वैशाखात तंतोतंत बसलेली काच आषाढात दाबली जाते. किनारपट्टीवरील लोखंडी खिडक्यांत हे काम गंज करतो. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा घेतो आणि काचेच्या कडेवर रेटा देत राहतो. ॲल्युमिनियमची गोष्ट उष्णतेची. तापमान ३० अंश सेल्सियसने वाढले तर एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे ०.७ मिमी वाढते, तेवढ्याच लांबीची काच ०.३ मिमीसुद्धा वाढत नाही. त्यातच काचेला आतून काळी फिल्म किंवा कागद चिकटवला असेल, तर मधला भाग उन्हात तापतो, चौकटीखाली झाकलेली कड थंड राहते आणि त्या ताणाने काच कडेपासून चिरते.

भेगा वाचता आल्या तर कारण सापडते. आघाताने फुटलेल्या काचेत त्या एका बिंदूपासून चहूकडे पसरतात. दाबाने किंवा उष्णतेने तडकलेल्या काचेत भेग कडेपासून निघून आत जाते. अशी भेग दिसली तर नवी काच आणण्याआधी चौकट तपासावी, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

जुनी काच काढणे : काच नुसती तडकली असेल तर तिच्यावर दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी फुलीसारखी मारतात, म्हणजे तुकडे सुटून पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या काळात लंडनच्या घरोघरी खिडक्यांवर अशा पट्ट्या दिसत. काच त्याने वाचत नाही, पण फुटल्यावर उडणारे तुकडे काही प्रमाणात आवरले जातात. जाड चामडी हातमोजे, बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा हवा. रबरी स्लिपर घालून हे काम करणारे पुष्कळ दिसतात, ते पाहून तसे करू नये. खाली गोणपाट किंवा जुनी गोधडी अंथरून तुकडे वरून खाली या क्रमाने काढतात. आधी खालचा काढला तर वरचा सुटून मनगटावर येऊ शकतो. वरच्या मजल्यावर काच बाहेरच्या बाजूला ढकलू नये. खिडकीला बॉक्स ग्रिल असली तरी तिच्या गजांमधून तुकडा खाली जाऊ शकतो, त्यामुळे खालची जागा मोकळी करून कोणाला तरी उभे करावे.

काच निघाल्यावर उरते ती दगडासारखी झालेली जुनी लांबी, म्हणजे काच बसवताना खाचेत भरलेला खडू-तेलाचा लगदा. ती पटाशी आणि हलक्या हातोडीने काढतात. लाकडी खाचेची कड टवकू नये म्हणून पटाशी लाकडाला समांतर धरावी. चुका, म्हणजे बारीक खिळे, पक्कडीने उपटाव्यात. जुन्या घरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) कमी ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून तो कोरडा घासू नये, पाणी मारून ओला खरवडावा आणि लहान मुलांना तिथून दूर ठेवावे.

माप आणि काच : रुंदी तीन ठिकाणी आणि उंची तीन ठिकाणी मोजून प्रत्येकीतले सर्वांत कमी माप धरतात, आणि त्यातून एक सूत वजा करतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३ मिमीपेक्षा किंचित जास्त. काच खाचेच्या मध्यावर बसली की प्रत्येक कडेला साधारण दीड मिमी मोकळे राहते. सुतारी मापाने हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि आजची कारखानदारी शिफारसही जवळपास तेवढीच आहे. दोन्ही कर्णही मोजावेत. ते सारखे नसतील तर झडप काटकोनात नाही असे समजावे. जुन्या घरांत हे नेहमीचे असते. मग आकडे सांगत बसण्यापेक्षा पुठ्ठ्याचा साचा कापून दुकानात नेलेला बरा.

जाडी जुन्या काचेइतकीच ठेवावी. जुन्या लाकडी खिडक्यांत २ ते ३ मिमी, सरकत्या खिडक्यांत बहुधा ४ ते ५ मिमी काच असते. दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो या हिशेबाने ६० बाय ९० सेंमीची ४ मिमी काच ५.४ किलो भरते. जाड काच मजबूत म्हणून घातली, तर जुन्या बिजागऱ्या झुकतात आणि खाचेत लांबीला जागा उरत नाही. न्हाणीघरात घासलेली काच बसवायची असेल तर खरखरीत बाजू पाण्याकडे येऊ देऊ नये, कारण ती ओली झाली की काच जवळजवळ पारदर्शक होते. टफन केलेली काच बसवायची तर माप दोनदा तपासावे. काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर कायमचा दाब राहतो आणि ती साध्या काचेच्या चार-पाचपट भार घेते. पण एकदा टफन झाल्यावर ती कापता येत नाही, कापायला गेले तर तिचे बारीक दाणे होतात. जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडकीला आणि दारातल्या काचेला खर्च वाढला तरी हीच काच, किंवा मध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच घालावी.

साधी काच दुकानातच कापून मिळते. कारागीर रॉकेलमध्ये बुडवलेले हिऱ्याचे किंवा पोलादी चाकाचे कलम काचेवरून एकदाच, एकसारख्या दाबाने ओढतो. त्याने काच कापली जात नाही. पृष्ठभागावर एक सूक्ष्म चीर पडते आणि खालून दाब दिला की काच त्या चिरेवर दुभंगते. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा कलम फिरवले तर कड खराब होते. कडेला टवका उडालेला असेल तर ती काच घेऊ नये, पुढच्या भेगेची सुरुवात तिथेच असते. आणताना काच उभी धरावी. आडवी धरली तर ती स्वतःच्याच वजनाने वाकते.

जुन्या तावदानातून समोरचे झाड किंचित लहरते, हे अनेकांनी पाहिलेले असेल. त्या काळी वितळलेल्या काचेचा पत्रा भट्टीतून वर ओढून काढत आणि ओढण्याच्या त्या खुणा काचेत राहत. इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीत काचरस वितळलेल्या कथिलावर पसरवला जातो, त्यामुळे दोन्ही बाजू न घासताच सपाट येतात. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे अशा काचेचा कारखाना आहे. स्वदेशी चळवळीतून उभा राहिलेला तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना आणि कराडजवळची ओगलेवाडी ही महाराष्ट्रातील काचउद्योगाची जुनी नावे. त्यांतली ओगलेवाडी प्रसिद्ध झाली ती मात्र कंदिलांसाठी. एकाच झडपेतल्या सहा तावदानांपैकी एकच नवे बसवले की ते वेगळे दिसते, ते फ्लोट काचेच्या सपाटपणामुळे. त्यावर उपाय नाही. असल्यास पाडलेल्या घराच्या जुन्या झडपेतली काच मिळवणे हा एकच.

लांबीचे काम : दुकानात नुसती पुट्टी मागितली तर भिंतीची, सिमेंटची पांढरी भुकटी हातात पडते. ती इथे निरुपयोगी आहे, कारण ती वाळून ताठ होते आणि काचेला चिकटून राहत नाही. काचेसाठी लागते ती तेलाची लांबी : खडूची बारीक भुकटी आणि उकळलेले जवसाचे तेल. हे मिश्रण कणकेसारखे मळून, हाताला चिकटणार नाही इतपत घट्ट करतात. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जाते. त्यामुळे लांबीवर आठवडा-दोन आठवड्यांत साय धरते, आत ती बराच काळ मऊ असते आणि लाकडाच्या हालचालीबरोबर थोडी हलते. काचेभोवतीच्या मोकळ्या जागेत नेमका हाच गुण हवा असतो.

आधी साफ केलेल्या खाचेला जवसाच्या तेलाचा किंवा प्रायमरचा हात द्यायचा. हा टप्पा सर्रास गाळला जातो आणि लांबी लवकर फुटण्याचे ते मोठे कारण आहे, कारण कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि मागे भुकटी उरते. मग खाचेत लांबीचा २-३ मिमीचा पातळ थर पसरून त्यावर काच ठेवतात. काच कडांवर दाबायची, मध्यभागी नाही. खालच्या कडेला लाकडाच्या दोन पातळ चिपा ठेवल्या तर काच खाली सरकून चौकटीवर टेकत नाही. त्यानंतर दर सहा-आठ इंचांवर बारीक चुका अर्ध्या ठोकतात. हातोडी काचेवरच घसरवत नेली तर ती काचेवर आपटत नाही. काच धरून ठेवण्याचे काम या चुकांचे असते, लांबीचे नव्हे. शेवटी बाहेरून लांबी भरून सुरीने उतार देतात, म्हणजे पाणी थांबत नाही. रंगाची घाई करू नये, साय धरल्यावरच तो द्यावा, आणि ब्रश मुद्दाम काचेवर २ मिमी चढू द्यावा. रंगाची ही बारीक किनार लांबी आणि काच यांच्या सांध्यात पाणी जाऊ देत नाही. टापटीप म्हणून ती ब्लेडने खरवडणारे खिडकीचे आयुष्य कमी करतात.

अलीकडे लांबीऐवजी लाकडी पट्टी खिळ्यांनी ठोकण्याची पद्धत जास्त आहे. ती झटपट होते आणि आतून सुबकही दिसते. पण उघड्यावरच्या खिडकीत खालच्या पट्टीमागे पाणी साचते आणि आधी पट्टी, मग झडपेचा खालचा आडवा भाग कुजतो. कोकणातल्या पावसाला तोंड देणाऱ्या खिडकीत तेलाची लांबीच बरी. पट्टीच हवी असेल तर तिच्याखाली लांबीचा थर द्यावा आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. लोखंडी खिडकीत खाच तारेचा ब्रश मारून चकचकीत करावी लागते, गंजरोधक प्रायमर पूर्ण वाळू द्यावा लागतो, आणि लांबीही धातूसाठी बनवलेली घ्यावी लागते, कारण लोखंड तेल शोषत नाही आणि साधी लांबी त्यावर फार काळ ओलीच राहते.

सरकत्या खिडक्या : इथे लांबी नाही, काचेच्या कडेला रबर असते. शटर, म्हणजे सरकणारी झडप, वर उचलून वरच्या ट्रॅकमध्ये सारले की त्याची खालची बाजू रोलरसकट आत ओढून घेता येते, आणि सगळे काम जमिनीवर होते. शटरच्या उभ्या पट्ट्यांचे स्क्रू काढून रबरी हातोडीने त्या सैल करतात, काचेच्या कडेला नवे रबर चढवतात आणि साबणाचे पाणी लावून पट्ट्या परत बसवतात. काच पट्टीत आतपर्यंत जाते, म्हणून नुसते दिसणारे माप घेऊन भागत नाही. पट्टीची खोली मोजून त्यातून रबराची जागा वजा करावी लागते. उन्हाने कडक झालेले जुने रबर परत वापरण्यात काटकसर नाही. सिलिकॉन लावायचे असेल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे टाळावे. त्यातून सुटणारे आम्ल धातूला आणि लॅमिनेटेड काचेच्या थराला बाधते, न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. सोसायटीच्या इमारतीत काचेचा रंग शेजारच्या खिडक्यांशी जुळतो का, हे आधी पाहिलेले बरे.

गोव्यात तावदान बदलण्याचा एक निराळा प्रकार आहे. तिथल्या जुन्या घरांच्या झडपांत काचेऐवजी प्लाकुना प्लासेंटा या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे कापलेले तुकडे लाकडी जाळीच्या खोबणीत सरकवलेले असतात. त्यांतून ऊन मऊ होऊन आत येते. ही शिंपली आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, त्यामुळे एखादा तुकडा निखळला तर पडक्या घरांतून वाचवलेल्या जुन्या शिंपल्या लावतात, नाहीतर दुधी काच किंवा प्लास्टिकवर भागवतात.

तुकड्यांची विल्हेवाट : मोठे तुकडे वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालतात आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘फुटकी काच’ असे लिहितात. प्लास्टिकच्या पिशवीत टाकलेली काच ती पिशवी चिरून सफाई कामगाराच्या हातात शिरते. जमिनीवरची बारीक काच आधी झाडूने गोळा करावी, मग ओल्या कागदाने टिपून तो कागदही खोक्यातच टाकावा. पुसण्याच्या फडक्याने टिपली तर तेच फडके दुसऱ्या दिवशी कोणीतरी हाताने पिळते.