टिंकरिंग लॅब आणि व्यवसाय विषय: गल्लत नेमकी कुठं होते?

"शाळेत अटल लॅब हाय न्हवं? मग व्यवसाय विषय आणि कशाला?" नववीच्या प्रवेशावेळी कोल्हापुरात हा प्रश्न हमखास कानावर पडतो. दोन्हीकडं मुलांच्या हातात पक्कड दिसते, त्यामुळं पालकांचा घोळ होणारच.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः जोडतोड करत शिकायची खोली, ही नीती आयोगाची 2016 पासूनची योजना. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यातून थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) येतात. मार्कांचा संबंध नाही. व्यवसाय विषय, म्हणजे एखाद्या धंद्याचं हातकाम शिकवणारा विषय, मात्र समग्र शिक्षा योजनेतला, नववीपासूनचा. त्याला ठरलेला अभ्यासक्रम आहे, प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि तो गुणपत्रिकेवर येतो.

खरा फरक कामाच्या जातीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. लॅबमधल्या मुलानं त्यासाठी इशारा देणारं यंत्र करायला घेतलं, की पहिली मेख लगेच समोर येते. वर टांगलेला सेन्सर पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो, म्हणजे पूर चढला की त्याचा आकडा उतरतो. मग सेन्सरच्या उंचीतून ते अंतर वजा करणं आलं. लाटांनी पाणी हललं की आकडाही हलतो, म्हणून दहा वेळा मोजून सरासरी काढायची. बरोबर उत्तर सरांनाही आधी ठाऊक नसतं, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. (प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पप्पांनी चिकटवलेला ज्वालामुखी या दोन्हींत मोडत नाही.)

व्यवसाय विषयात उत्तर आधीच ठरलेलं असतं. हात तिथवर पोचला की नाही, एवढंच बघतात. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) धरायचा कसा, ड्रिल मारण्याआधी सेंटर पंचनं खूण का मारायची, असली कामं. शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून 300 मिलिमीटरच्या बिडाच्या भागाला पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) 303 चा लागतो. तिथं "आमची आयडिया वेगळी" चालत नाही. तरी हा विषय कच्च्या पोरांचा असं आपल्याकडं समजतात, ते मला पटत नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत मापाला पक्का हात आधी विचारतात.

नोकरीचं म्हणाल, तर दोन्ही अपुरेच. फिटर व्हायला दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षं आहेतच. पण डिप्लोमाकडं जाणाऱ्या मुलाला टिंकरिंगचा फायदा जास्त, आणि लगेच हाताला काम हवं असेल तर व्यवसाय विषयाचा.

शाळेत गेलात तर चकचकीत प्रिंटर बघून येऊ नका. मुलांनी केलेली बिघडलेली यंत्रं दाखवा म्हणा. व्यवसाय विषयाच्या सरांना विचारा, मुलं कुठल्या कारखान्यात जाऊन आली. आणि लॅबला कुलूप दिसलं तर किल्ली कुणाकडं असते, तेही विचारा.