वडील दुरावले की मुलगी लवकर वयात येते?

‘बापाविना वाढलेली मुलगी वाया जाते’ या समजुतीला विज्ञानाचा आधार नाही. अभ्यासांत वारंवार दिसलेली गोष्ट वेगळी आहे : लहानपणीच वडील घर सोडून गेलेल्या मुलींना पहिली पाळी सरासरीने काही महिने लवकर येते.

पाळीची सुरुवात मेंदूत होते. हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सुटतं. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, आणि अंडाशय इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवू लागतं. जन्मानंतर काही महिने चालणारे हे ठोके पुढे कित्येक वर्षं दबून राहतात. पुन्हा सुरू होतात ते आधी रात्रीच्या झोपेत. ही वेळ मुख्यतः जनुकं आणि शरीरातली चरबी ठरवतात. घरातल्या ताणानेही पाळी लवकर येते, असा सिद्धांत बेल्स्की, स्टाइनबर्ग आणि ड्रेपर या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडला.

पण इथे एक मोठी मेख आहे. लवकर पाळी आलेल्या स्त्रिया सरासरीने लवकर संसाराला लागतात आणि असे संसार अधिक मोडतात. मुलीला लवकर येणारी पाळी आईच्या जनुकांतूनच मिळाली असेल, तर वडिलांच्या जाण्याला दोष कसा देणार?

म्हणून टिदर आणि एलिस या संशोधकांनी २००८ मध्ये सख्ख्या बहिणींची तुलना केली. आईवडील तेच, पण वडील गेले तेव्हा धाकटी लहान होती, म्हणजे त्यांच्याविना तिची जास्त वर्षं गेली. जन्मक्रमाचा परिणाम वजा करायला न मोडलेल्या घरांतल्या बहिणीही घेतल्या. वडिलांचं वागणं गंभीररीत्या बिघडलेलं असताना ज्या धाकट्यांचं बालपण गेलं, त्यांना थोरलीपेक्षा सुमारे ११ महिने लवकर पाळी आली. म्हणजे वडील घरात आहेत की नाहीत एवढंच पाहून भागत नाही. ते कसे वागले, हेही पाहावं लागतं.

उलट २००६ मध्ये मेंडल आणि सहकाऱ्यांनी जुळ्या बहिणींच्या मुली तपासल्या. एकीच्या घरी सावत्र वडील, दुसरीच्या नाहीत; तरी या मावसबहिणींच्या पाळीच्या वयात फरक आढळला नाही. त्यामुळे ‘वडील गेले म्हणून पाळी लवकर आली’ असं छातीठोक सांगणाऱ्या बातम्यांवर विश्वास ठेवू नये.

लवकर वयात आलेल्या मुलीचं शरीर मोठं दिसतं, मन मात्र तिच्या वयाचंच असतं. लोक तिला मोठी समजून वागवतात. अशा मुलींत नैराश्याचं प्रमाण जास्त आढळतं. स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, म्हणून ही वाढ दिसू लागली की तिच्याशी पाळीबद्दल बोलावं. ही वाढ आठ वर्षांच्या आतच दिसली, तर घरच्या परिस्थितीवर बोट न ठेवता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ते हाडांचं वय (हाडं कितपत वाढली आहेत) आणि संप्रेरकं तपासतात.