रिकामा स्लॉट आहे, पण तार कुठे आहे?

जुने पेंटियम डेस्कटॉप पुन्हा जुळवण्याची हौस सध्या बऱ्याच तरुण मंडळींना लागली आहे. जुन्या बाजारातून मदरबोर्ड मिळवायचा, त्यावर साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, जमलं तर मोडेमही चढवायचा आणि डॉसवरचे गेम खेळायचे. छान छंद आहे. फक्त त्यात दोन गैरसमज हमखास भेटतात. पहिला, स्लॉट रिकामा असला की कार्ड बसतंच. दुसरा, ‘आयआरक्यू फ्री केले’ की मशीन फास्ट होतं. स्लॉट रिकामा असूनही कार्ड मुकं राहू शकतं. आणि आयआरक्यू मोकळा केल्याने वेगात सांगण्यासारखा फरक पडत नाही, फक्त आणखी एका कार्डाला जागा होते.

आयआरक्यू म्हणजे ‘इंटरप्ट रिक्वेस्ट’: ‘माझ्याकडे बघा’ ही मागणी प्रोसेसरपर्यंत नेणारी तार. ती नसती तर प्रोसेसरला प्रत्येक उपकरणाकडे सारखं डोकावत बसावं लागलं असतं. सिरियल पोर्टवर १,१५,२०० बिट प्रति सेकंद या वेगाने माहिती येत असेल, तर साधारण दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येऊन पडतो. तेवढ्या वेळात १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमचे चौदा हजारांहून जास्त ठोके होतात. हे सगळे ठोके ‘आला का? आला का?’ विचारण्यात घालवायचे? एसटीचा ड्रायव्हर काही मागे वळून कोण उतरतंय ते पाहत नाही. कंडक्टर दोरी ओढतो, घंटी वाजते, गाडी थांबते. इंटरप्ट ही तशीच घंटी आहे.

आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी काढला तेव्हा या घंट्या सांभाळायला इंटेलची ८२५९ ही चिप घेतली. तिला आठ तारा जोडता येतात. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये आठ पुरेनात, म्हणून तशीच दुसरी चिप पहिलीच्या २ क्रमांकाच्या तारेला जोडली. तारा झाल्या सोळा, पण एक जोडणीतच गेली, म्हणून हाती पंधरा. पुढची कित्येक वर्षं पीसीचा प्रपंच या पंधरांतच चालला.

आता हिशेब मांडू. ० टायमरची, १ कीबोर्डची, २ जोडणीची, ६ फ्लॉपीची, ८ घड्याळाची, १३ गणिती कोप्रोसेसरची, १४ पहिल्या हार्डडिस्क चॅनलची. या सातांकडे बघायचंच नाही. (फ्लॉपी नको असेल तर ६ सुटते म्हणा, पण फ्लॉपीशिवाय डॉसचं मशीन म्हणजे काय मजा?) नंतर ३ आणि ४ सिरियल पोर्टना, ७ प्रिंटर पोर्टला, १२ पीएस-टू माउसला, १५ दुसऱ्या हार्डडिस्क (आयडीई) चॅनलला. उरल्या ५, ९, १० आणि ११. त्यातली ९ बहुधा एसीपीआय, म्हणजे वीज-व्यवस्थापन, घेऊन बसतं. उरलेल्या तीन तारांवर साउंड कार्ड, मोडेम, नेटवर्क, ग्राफिक्स आणि यूएसबी यांची रांग.

तारा वाटून का घ्यायच्या नाहीत, हा खरा रंजक प्रश्न. उत्तर आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटच्या विजेच्या वागणुकीत आहे.

आधी ८२५९ काय करते ते पाहू. तार खालच्या व्होल्टेजवरून वरच्या व्होल्टेजवर गेली की चिप त्या तारेच्या नावाने आत एक बिट चढवते. अनेक बिट चढलेले असतील तर मानाने वरची तार निवडते. शून्याचा मान सर्वांत मोठा, मग एक. दुसरी चिप दोनवर लटकलेली असल्याने ८ ते १५ या तारा ३ च्या आधी येतात. मग ती प्रोसेसरला खुणावते. प्रोसेसर हातातली सूचना पूर्ण करतो आणि पोच म्हणून दोन स्पंदनं पाठवतो. पहिल्याला चिप निवड पक्की करते, दुसऱ्याला डेटा बसवर एक क्रमांक ठेवते. डॉसमध्ये कीबोर्डचा क्रमांक ९. प्रोसेसर त्याला चाराने गुणतो, स्मृतीतल्या ३६ व्या पत्त्यावर जातो आणि तिथे लिहिलेल्या ठिकाणी उडी मारतो. तिथला छोटा प्रोग्रॅम कळ वाचतो, चिपला ‘काम झालं’ असं कळवतो आणि प्रोसेसर आपल्या मूळ कामावर परततो.

यात कळीची गोष्ट एकच: आयएसएच्या तारांवर चिप ‘चढ’ पाहते, ‘उंची’ नाही. खालून वर जाण्याचा क्षण तिला दिसतो. तार वरच राहिली तर तिच्या लेखी नवीन काही घडलेलं नाही.

समजा दोन कार्डं एकाच तारेवर आहेत आणि कुणीही उचललं की तार वर जाते. साउंड कार्डाने तार उचलली. चढ झाला, नोंद झाली. त्याचं काम चालू असतानाच नेटवर्क कार्डालाही काही सांगायचं आलं, त्यानेही तार उचलून धरली. पण ती आधीच वर आहे, म्हणजे चढ नाही. साउंडचा प्रोग्रॅम आपलं कार्ड शांत करून निघून गेला, तरी तार नेटवर्कने धरून ठेवल्यामुळे वरच राहिली. आता ती खाली येणार नाही, म्हणून पुन्हा चढणारही नाही. नेटवर्क कार्ड वाट पाहत बसतं. गंमत म्हणजे साउंड कार्डही गेलं, कारण त्यालाही आता नवा चढ घडवता येत नाही. भांडण न होता दोघं गप्प!

प्रत्यक्षात एवढंही सरळ होत नाही. बरीच आयएसए कार्डं आपली तार काम नसतानाही जोर लावून खाली धरून ठेवतात. एक वर ढकलतं, दुसरं खाली ओढतं, आणि बहुतेकदा खाली ओढणाराचंच चालतं. मग तर पहिला चढही होत नाही.

कॉम१ आणि कॉम३ हे सिरियल पोर्ट मात्र दोघंही ४ वरच असतात, ते कसं? पीसीच्या सिरियल पोर्टमध्ये तारेच्या आधी एक फाटक असतं. प्रोग्रॅमने पोर्ट चालू केल्याशिवाय ते उघडत नाही. म्हणून आलटून पालटून वापरले तर काही बिघडत नाही. एकदम वापरले की पंचाईत. मुंबईत १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलचं (विदेश संचार निगमचं) इंटरनेट सुरू झालं. त्यानंतरच्या डायल-अपच्या काळात ‘मोडेम लागला की माउस गोठतो’ ही तक्रार ठरलेली. माउस कॉम१ वर आणि मोडेम कॉम३ वर, की झालंच. लोक व्हायरस शोधत बसायचे.

पीसीआय या नंतरच्या स्लॉटने ही गाठ सोडवली. तिथे तार विश्रांतीत वर असते, आणि कार्डं तिला फक्त खाली ओढतात, वर ढकलत नाहीत. चिप उंची पाहते: कुणी एकाने जरी ओढून धरलं असेल तर इंटरप्ट संपलेला नाही. एक प्रोग्रॅम आपलं काम करून गेला आणि तार अजून खालीच असेल, तर लगेच पुढच्याला विचारलं जातं. म्हणून पीसीआय कार्डं तार वाटून घेऊ शकतात. एकाच तारेवर आयएसए आणि पीसीआय दोन्ही मात्र नकोत. त्यासाठीच बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, अमुक आयआरक्यू ‘लेगसी आयएसए’साठी राखून ठेवायची सोय असते.

इथे एका समजुतीचाही निकाल लावू. मशीन जुळवून देणाऱ्या एखाद्या असेंबलरबद्दल ‘त्याच्या हाताला गुण आहे, कार्डं जागा बदलून लावतो आणि मशीन सुरू होतं’ असं बोललं जायचं. पीसीआयच्या चार इंटरप्ट तारा प्रत्येक स्लॉटला एकेक घर सरकवून जोडलेल्या असतात, त्यामुळे स्लॉट बदलला की कार्डाची तारच बदलते. पाचवा स्लॉट पुन्हा कुणाची तरी तार वाटून घेतो, आणि एजीपीची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या खास स्लॉटची, तार बऱ्याच बोर्डांवर पहिल्या पीसीआय स्लॉटशी जुळलेली असते. हाताचा गुण तो एवढाच. आयएसएत तर सगळे स्लॉट एकाच तारांना जोडलेले, तिथे जागा बदलून काहीच होत नाही. तरी लोक बदलायचेच, आणि दसऱ्याला कॅबिनेटला हळद-कुंकू लावून ठेवायचे ते वेगळंच.

मग मोकळं काय करायचं? बायोसच्या ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’मध्ये जा. कॉम२ बंद केला की ३ सुटते. माउस पीएस-टू असेल तर कॉम१ ही बंद करा, ४ सुटते. प्रिंटर नसेल तर ७. डॉस प्रिंटरसाठी इंटरप्ट सहसा वापरतच नाही. सीडी-रॉम पहिल्या चॅनलवर स्लेव्ह, म्हणजे दुसरं उपकरण, म्हणून लावला की दुसरा चॅनल बंद करून १५ मिळते. मात्र मग डिस्क आणि सीडी एकाच केबलवर आळीपाळीने बोलतात. यूएसबी आणि ग्राफिक्सचा आयआरक्यू डॉसच्या गेमना लागत नाही, तोही बंद करता येतो, पण मग विंडोज ९८ मध्ये थ्रीडी ड्रायव्हर अडू शकतो. शेवटी बायोसमधली जुनी नोंद पुसायला ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ चालू करा, नाहीतर बायोस जुनंच वाटप उगाळत बसतो.

एक अडचण मात्र बायोसही सोडवत नाही. लहान, आठ बिटांच्या आयएसए कार्डाच्या कडेला १०, ११, १२, १४, १५ या तारा येतच नाहीत. त्या सोळा बिटांच्या वाढीव तुकड्यात आहेत. म्हणून असं कार्ड असेल तर १० आणि ११ मोकळ्या असून उपयोग नाही, ३, ४, ५ किंवा ७ यांपैकी एखादी मोकळी करावी लागते. साउंड ब्लास्टर १६ सोळा बिटांचं आहे, ते १० वर जातं. पण जुने गेम ५ किंवा ७ चं गृहीत धरून बसलेले असतात, तेव्हा ५ त्यालाच द्या आणि डॉस सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१’ ही ओळ जपा; त्यातला ‘आय५’ म्हणजे आयआरक्यू ५.

पुढे आयओ-एपिक या चिपने तारा चोवीस केल्या, आणि मग एमएसआय या पद्धतीने तारच काढून टाकली: कार्ड ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितं, तोच इंटरप्ट. आता तिच्या वाढीव रूपाच्या, एमएसआय-एक्सच्या, नियमांनुसार एका उपकरणाला २०४८ पर्यंत इंटरप्ट मागता येतात. तरी आजच्या एखाद्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये इंटरप्टची यादी उघडून पाहा, ० वर टायमर, १ वर कीबोर्ड, ८ वर घड्याळ आणि ९ वर एसीपीआय हे बहुधा तसेच बसलेले दिसतील.