ऑडिओ इंटरफेसमधल्या घुंईची वंशावळ

पांढरी एकमध्ये गाणाऱ्या गायकानं ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या खोक्याला, हेडफोन लावले, माइकचा गेन (आवाजाची पातळी) वाढवला आणि मागून घुंईऽऽ ऐकू आली, तर ती त्याच्या मंद्र पंचमाच्या आसपास लागते. जरा चढी. आपली वीज ५० हर्ट्झची, पण हेडफोनमध्ये कानाला टोचते ती तिची दुप्पट, १०० हर्ट्झ. मंद्रातली पांढरी पाच मात्र ९८ हर्ट्झची. तानपुऱ्याच्या खाली ही घुंई एवढी का खटकते, ते या दोन हर्ट्झमध्ये आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते. तिकडचे व्हिडिओ बघून इक्यूमध्ये (हव्या त्या हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करायच्या साधनात) ६०चा खड्डा पाडणाऱ्यांची घुंई जागच्या जागी बसून असते.

हे दुखणं यूएसबीच्या कितीतरी आधीचं आहे, टेलिफोनच्या बालपणातलं. तेव्हा फोनला एकच तार असे आणि प्रवाह परत जाई तो जमिनीतून. पुढे अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या, त्यांचाही परतीचा प्रवाह जमिनीतच शिरला आणि फोनवर बोलणं ऐकू येईना. उपाय ठरला तो दोन तारांचा, त्याही एकमेकींना पीळ घातलेल्या. ग्रॅहॅम बेलचं पीळदार जोडतारेचं पेटंट १८८१चं आहे. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो. पलीकडचं यंत्र दोन्ही तारांमधला फरक तेवढा घेतं, म्हणजे गोंगाट वजा होतो आणि बोलणं उरतं. आज माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर वायरमधली दोन आणि तीन नंबरची पिन हेच करते. एक नंबरला असते ती तारांवर गुंडाळलेली धातूची जाळी.

माझ्या खोलीतली घुंई शोधायला मी दोनदा वायरमन बोलावला होता. शेवटी कारण सापडलं ते लॅपटॉपची बॅटरी किती टिकते हे बघायला चार्जर उपसला तेव्हा. घुंई एकदम गप्प. चार्जर तीन पिनेचा, एका भिंतीवर. स्पीकर तीन पिनेचे, समोरच्या भिंतीवर. आणि मध्ये इंटरफेसमधून गेलेली साधी आरसीए वायर. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या, त्यांचं एक वेटोळं झालं आणि त्यात विजेचा बारीक प्रवाह फिरू लागला. साध्या वायरीत जाळी हीच सिग्नलचीही परतीची वाट असते, म्हणजे जमिनीवर विसंबलेला तोच जुना फोन. स्पीकर आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले, आरसीएऐवजी दोन्ही टोकांना टीआरएस जॅक असलेली बॅलन्स्ड, म्हणजे माइकसारखीच आत दोन तारा असलेली, वायर घातली, आणि काम झालं.

कधी बॅलन्स्ड वायर घालूनही घुंई जात नाही. काही यंत्रांत ही जाळी धातूच्या खोक्याला थेट जोडायच्या ऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला नेलेली असते. ध्वनितंत्रज्ञ नील मन्सी यांनी १९९५ साली यावर सविस्तर लिहिलं आणि ‘पिन वनचा प्रॉब्लेम’ हे नाव रूढ झालं. एक उपाय मात्र कोणीही सांगितला तरी करू नये: प्लगची अर्थची जाड पिन मोडणं. घुंई जाते खरी, पण बिघाड झाला की वीज अर्थमधून न जाता गाणाऱ्याच्या ओठांतून जाते. जुन्या चाळींमध्ये उलटंच असतं. भोक तीन पिनेचं, आत अर्थची तार जोडलेलीच नाही. गिटारच्या तारांना हात लावला की घुंई कमी होते, माइकला ओठ टेकला की झिणझिण्या येतात. इथे वायर बदलून उपयोग नाही, अर्थिंगच करून घ्यावं लागतं.

इंटरफेसवर ‘४८ व्ही’ लिहिलेलं, माइकला वीज पाठवणारं बटण असतं, त्याचा जन्म गमतीचा आहे. १९६६ साली जर्मनीच्या नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या रेडिओसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारा माइक दिला. तिथल्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच होती, तीच वापरायची ठरली. अंधारात लागणाऱ्या दिव्यांमुळे ठरलेला हा आकडा आता यूएसबीच्या पाच व्होल्टमधून चढवून काढावा लागतो. यूएसबी २ चं पोर्ट देतं जेमतेम अडीच वॅट. दोन कंडेन्सर माइक (ही वीज लागणारे) लावून बटण दाबलं आणि इंटरफेस यूएसबी हबवर असला, की खरखर सुरू होते किंवा इंटरफेस मध्येच गायब होतो. हब काढून थेट पोर्टमध्ये घाला.

आवाज उशिरा येणं हीसुद्धा कॉम्प्युटरची देणगी नव्हे. टेपमशीनमध्ये रेकॉर्डचं हेड आणि ऐकायचं हेड वेगळं असे. मध्ये दोन इंच अंतर आणि टेपचा वेग सेकंदाला १५ इंच धरला, तरी १३३ मिलिसेकंद झाले. जुना ट्रॅक ऐकत त्यावर नवा भरायचा तर दोघांची गाठ पडेना. १९५०च्या दशकाच्या मध्याला अँपेक्स कंपनीनं ‘सेल-सिंक’ काढलं: जुना ट्रॅकही रेकॉर्डच्याच हेडवरून ऐकायचा. पुढे विंडोजनं उशीर नव्यानं आणला. प्रोग्रॅम आणि साउंड कार्ड यांच्या मध्ये तिचे थर असत, त्यांतून जाताना आवाजाला वेळ लागे. ते टाळून प्रोग्रॅमनं थेट कार्डाच्या ड्रायव्हरशी बोलावं म्हणून हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ साली एएसआयओ ही पद्धत आणली. इंटरफेसचा ड्रायव्हर न टाकता गायला बसलं की आवाज ओढल्यासारखा येतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

कॉम्प्युटर आवाजाची सेकंदाला हजारो मोजमापं घेतो, ती म्हणजे सॅम्पल, आणि ती थोडी थोडी साठवून पुढे पाठवतो, तो साठा म्हणजे बफर. बफर १०२४ सॅम्पलचा आणि रेट ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) असेल, तर नुसतं जायला २१ मिलिसेकंद लागतात. जाऊन परत यायला ४२च्या वर. हवेत तेवढ्या वेळात आवाज साडेचौदा मीटर जातो. तबलजी समेला चुकतोय असं वाटलं तर आधी बफर बघावा. तो १२८वर आणायचा, आणि कटकट ऐकू आली की एकेक पायरी वर. कॉम्प्युटर वेळेत बफर भरू शकला नाही, एवढाच त्या कटकटीचा अर्थ. नाहीतर सरळ डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा. स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमध्ये शिरायच्या आधीच कानात येतो.

सॅम्पल रेटचा घोळ थोडक्यात. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ आले कारण सुरुवातीचा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत आणि हा आकडा तिच्या ओळींच्या हिशेबात बसला. व्हिडिओच्या जगाचा रेट पुढे ४८ ठरला. ४४.१वर भरलेलं गाणं चुकून ४८वर वाजलं, की काळी एकचा सा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध जाऊन बसतो. प्रोजेक्ट आणि इंटरफेस, दोन्हीकडे एकच आकडा हवा.

आणि सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार: आवाज एकाच कानात येतो. काही तुटलेलं नसतं. दोन इनपुट म्हणजे स्टिरिओची जोडी, पहिला डावा, दुसरा उजवा, असं प्रोग्रॅम धरून चालतो. गळा एकमध्ये, पेटी दोनमध्ये घालून स्टिरिओ ट्रॅकवर भरलं की गायक डाव्या कानात, पेटी उजव्या कानात. दोन मोनो ट्रॅक घ्या. एकाला इनपुट एक द्या, दुसऱ्याला दोन.